दीड इंच

रमाच्या हातचा गणवेश घालून पोरगी उभी राहिली की खालची किनार पट्टीने आखल्यासारखी दिसते, असं भिलाईच्या त्या रेल्वे क्वार्टरांतल्या सगळ्या बाया म्हणत, आणि रमाला ते ऐकायला आवडे. तिच्याकडे मिरवायला दुसरं होतं तरी काय? नवरा कवडू रेल्वेत चाबीवाला. रोज खांद्यावर हातोडा टाकून दुर्ग लाइनीवर चालायचं, रुळाची ढिली चावी दिसली की ठोकायची आणि संध्याकाळी टाचेच्या भेगांत गिट्टीची धूळ घेऊन परत यायचं. दोन खोल्या, एक पोरगी, पायाने चालवायची एक मशीन. शिवणाचा गर्व तेवढा रमाला परवडत होता आणि तो ती पोटभर करत होती.

एप्रिलच्या सुरुवातीला शाळेचं नवं सत्र लागलं तशी कापडांची रास दारापर्यंत आली. लोकांचे गणवेश आधी, घरचा शेवटी, या नियमाने समृद्धीची पाळी आठव्या दिवशी आली. पोरगी सातवीत गेली होती. दिवाळीपासून अशी उंच होत चालली होती की जुना कुर्ता गुडघ्याच्या वर गेला होता. रमाने तिला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या आणि मागे सरून पाहिलं. किनार डावीकडे उतरली होती.

“सरळ उभी राय.”

“सीधी तो खडी हूं, मम्मी.”

“डावा खांदा उचल.”

समृद्धीने उचलला. किनार जागेवर आली. खांदा सोडला तशी पुन्हा उतरली.

शेजारची सिंधुताई दारात बसली होती. ब्लाउज झालं का एवढंच विचारायला आलेली, तासभर उठली नव्हती. “दुकानदारानं कापडच तिरपं फाडलं असंन,” ती म्हणाली.

“कापड नाई वो. पोट्टी एकाच खांद्यावर दप्तर टांगते, म्हून.”

रमाने डाव्या अंगाने दीड इंच कापलं. डाव्या खांद्याच्या आत अस्तराची दुहेरी घडी घालून पातळशी गादी बसवली. पुन्हा मागे सरून पाहिलं. सुतात सूत. मग साऱ्या गिऱ्हाइकांची मापं असायची त्या वहीत समृद्धीच्या नावापुढे तारीख टाकून लिहिलं, डावी दीड कमी. त्याच्या वर दिवाळीतलं माप होतं, पाऊण कमी. त्याच्या वर गेल्या वर्षीचं, अर्धा. सगळ्यात वर दोन वर्षांपूर्वीचं, पाव. मुरलेल्या शिवणाऱ्या बाईशी कापड बोलतं म्हणतात, पण ऐकायचं की नाही ते बाईच ठरवते. रमाने वही मिटली आणि पुढचं कापड ओढलं.

दहा-बारा दिवसांनी समृद्धी शाळेतून आली ती हातात चिठ्ठी घेऊन. मुलींच्या पाठी तपासायला स्मृति नगरातल्या प्रेरणा मॅडम आल्या होत्या, फिजिओथेरपीवाल्या.

“सगळ्यांले वाकवलं, हात खाली सोडून. मेरी पीठ देखी तो फिर से झुकने बोली. मग आमच्या मॅडमले बोलावून दाखवलं,” समृद्धी हसत सांगत होती. आईचा चेहरा पाहून ती थांबली.

पाठीचा कणा एका बाजूला वळल्यासारखा वाटतो, लवकर एक्स-रे काढा, असं चिठ्ठीत होतं. खाली मोबाइल नंबर. रमाच्या डोक्यात तिडीक गेली. दोन मिनिटं बघायचं आणि लोकांच्या पोरीला वाकडी म्हणायचं. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

“मॅडम, मी टेलर आहे. पोरीचं माप मीच घेते. माह्या पोरीले काई झालं नाई.”

“ताई, रागावू नका,” पलीकडून शांत आवाज आला. “दप्तराने होत नाही हे, तुमच्या कुठल्या चुकीनेही होत नाही. पण ती आत्ता भराभर वाढते आहे आणि उंचीबरोबर हे वळणही वाढतं. आत्ता सापडलं तर पट्टा लावून थांबवता येतं. वेळ गेली तर पुढे ऑपरेशन करून पाठीत सळ्या घालायची पाळी येते. तिचे कपडे एका बाजूला उतरतात का हो? बऱ्याच आयांना आधी तिथेच कळतं.”

मशीनच्या चाकावर रमाचा हात होता. “नाई,” ती म्हणाली. “तिचे कपडे सरळच असतात.”

फोन ठेवून तिने दार लावलं, समृद्धीला कुर्ता काढायला लावला आणि म्हणाली, “वाक. शाळेत वाकली तशी.”

पोरगी वाकली. डावी पाठ सपाट होती. उजव्या फऱ्याखाली बरगड्यांचा भाग वर आला होता, कणकेच्या पोळीखाली वाटी राहून जावी तसा. रमाने त्यावर तळवा ठेवला. गरम, घामेजलेली, ओळखीची कातडी. या पाठीला तिने तेल लावलं होतं, या पाठीवर धपाटे घातले होते, आणि दोन वर्षं तिच्यावर कापड बसवलं होतं. तिला रडू आलं. पण खरं सांगायचं तर रडण्याआधी तिला वही आठवली. कवडू यायच्या आत तिने ती बॉबिनच्या खणात तळाशी सरकवली.

कवडू आला तेव्हा ऊन कलत होतं. त्याने चिठ्ठी वाचली, पोरीला अंगणातल्या उजेडात आणलं आणि पाठीवरचा कपडा वर करायला लावला. मग झोळीतून डोरी काढली. रुळाचं वळण मोजायला ती डोरी दोन टोकांना ताणून धरतात आणि मधे किती फट पडते ते बघतात. त्याने डोरीचं एक टोक मानेच्या मणक्यावर रमाला धरायला लावलं, दुसरं स्वतः कंबरेशी धरलं. डोरी सरळ होती. कणा तिच्यापासून उजवीकडे निघून बोटभर लांब गेला होता आणि खाली येऊन पुन्हा मिळाला होता.

“कर्व आहे,” तो म्हणाला. पोरीच्या पाठीवर कपडा ओढून घेतला आणि डोरी गुंडाळली.

रविवारी त्याचा मोठा भाऊ मारोतराव आला. रेल्वेत गँगचा मेट, म्हणजे मुकादम, म्हणून निवृत्त झालेला, शब्द मोडू न देणारा माणूस. तो रमाचा भासरा, म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन आतल्या दाराआड उभी राहिली. चौदा वर्षांत ती त्याच्याशी समोरासमोर बोलली नव्हती. तशी रीतच होती त्यांच्यात, आणि आजवर तिला ती अडली नव्हती.

“घाबरून कावून राहिला बे?” मारोतराव कवडूला म्हणाला. “तापली का पटरी पोटातून सुटते, वाकडी होते. मंग आपन काय करतो? दहा लोखंडी सब्बली लावतो, एका दमात रेटतो, सरळ. हे तं लेकराचं कवळं हाड आहे. नंदिनी गावाच्या रस्त्यावर एक मानूस आहे. उलटं निजवते अन् टाच देते पाठीवर. तीन खेपांत मोकळी होईन.”

“दवाखान्यात दाखवून घेऊ पयले,” कवडू म्हणाला. “रेल्वेची चिठ्ठी भेटते.”

“दाखव ना. मी बी येतो. पन पोरीची जात आहे, लय बोभाटा नको करू. उद्या सोयरिकीले कोनी इचारलं तं?”

समृद्धी पाण्याचा गिलास घेऊन मधेच उभी होती. तिने गिलास खाली ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि ती भिंतीवर सपाट बसते का ते हळूच दाबून पाहिलं. दाराआडून रमाने ते बघितलं.

रायपूरच्या दवाखान्यात जायच्या सकाळी रमाने डबा भरला, पाण्याची बाटली भरली आणि शेवटी खण उघडून वही पिशवीत टाकली. दाखवायची असं ठरवलं नव्हतं. घरी ठेवायचा धीर झाला नाही एवढंच.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला. पांढऱ्या मणक्यांची रांग, मधेच कलंडलेली. रमाला वाटलं होतं की काहीतरी मोडलेलं दिसेल, तसं काही नव्हतं. सगळं शाबूत होतं, फक्त जिथे असायला हवं तिथे नव्हतं. डॉक्टरांनी पेन्सिलने दोन रेघा मारल्या.

“चौबीस डिग्री,” ते म्हणाले. “पच्चीस के आसपास पट्टा सोचते हैं. चालीस-पैंतालीस के ऊपर गया तो ऑपरेशन की बात आती है. बच्ची अभी बहुत बढेगी. सवाल ये है कि मोड कितनी तेजी से बढ रहा है. पहले का कोई एक्स-रे? कोई फोटो, कोई नाप?”

“नहीं साब,” कवडू म्हणाला. “अभी अभी तो दिखा. पहले कुछ नहीं था.”

“तो फिर चार महीने बाद दूसरा एक्स-रे लेंगे. फरक दिखा तो पट्टा.”

कवडूने श्वास सोडला. चार महिने म्हणजे काही नाही, असंच त्याने ऐकलं. मारोतराव तर उठूनच उभा राहिला. “पाय, मी काय म्हनलो होतो? काई नाई निंगालं. चार महिने डागदर काई करत नाई, तंवर आपन आपलं करू. गुरवारी नेतो मी इले.”

समृद्धीने आईकडे बघितलं. चार महिने. दिवाळीला पाऊण होतं, पाच महिन्यांत दीड झालं. रमाला हिशेब येत होता, या खोलीत फक्त तिलाच येत होता. गप्प बसली तर नवऱ्यापुढे मान वर राहणार होती आणि गुरुवारी पोरीच्या पाठीवर कुणाची तरी टाच पडणार होती.

“थांबा, भाऊजी,” ती म्हणाली.

मारोतरावाने आवाज कुठून आला ते आधी इकडेतिकडे पाहिलं. रमाने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि पान उघडलं. तिचा पदर डोक्यावरून सरकला होता, तो तिने सावरला नाही.

“डॉक्टरसाहेब, नाप है. मैं कपडा सिलती हूं. ये इसका है. ये दो साल पहले का, पाव इंच. फिर आधा. दिवाली में पौन. अभी डेढ.”

डॉक्टरांनी वही ओढून घेतली, तारखांवर बोट फिरवलं. “बायीं तरफ कपडा उतरता था?”

“हां.”

“और आप उतना काट देती थीं.”

“काट देती थी. कंधे में गद्दी भी लगाती थी.”

“तू तं दिवाळीले कापड तिरपं आहे म्हने,” कवडू हळूच म्हणाला. “मंग दप्तर म्हने.”

“कापड नव्हतं,” रमा म्हणाली. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून ती वहीकडे बघून बोलली. “कापड नाई हे मले समजत होतं. एकदा चुकते कापड, चारदा नाई चुकत. पन सरळ करता येत होतं, म्हून मी करत गेली.”

बाहेर शिपाई पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होता.

“ये एक्स-रे की जगह नहीं ले सकता,” डॉक्टर म्हणाले, “लेकिन अब मैं चार महीने नहीं रुकूंगा. पट्टा अभी बनेगा. दिन-रात मिला के अठारह-बीस घंटे पहनना पडेगा, बढना बंद होने तक.”

“दबाने से सीधा नहीं होता क्या?” मारोतरावाने विचारलं.

“नहीं होता. चोट लगेगी सो अलग. पीठ को कोई हाथ नहीं लगाएगा, दादा.”

परतीच्या गाडीत मारोतराव एकदाच बोलला. “मायच असी असंन तं लेकरू काय करंन,” तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला. कवडूने त्याला उत्तर दिलं नाही, आणि रमालाही काही विचारलं नाही. घरी आल्यावर तो जेवला, ताट मोरीत ठेवलं, डोरी झोळीत टाकून निजला. तेव्हापासून त्याचं बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी तो समृद्धीला सांगायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी रमाला सोपं गेलं असतं.

पट्टा मे महिन्यात आला. नावाचा पट्टा, पण होतं ते कडक प्लास्टिकचं कवच, काखेपासून कंबरेखालपर्यंत, मागे तीन पट्ट्या ओढून बांधायचं. बाहेर अंगणात चप्पल ठेवली तर पायाला चटका बसायचा, अशा दिवसांत ते पोरीच्या अंगावर चढलं. पहिल्या दिवशी समृद्धीला जेवता येईना, दुसऱ्या दिवशी काखेत सोललं. रमाने गिऱ्हाइकांची कापडं बाजूला सारली आणि जुन्या सुती साडीच्या बंड्या शिवल्या. शिवण टोचू नये म्हणून ती बाहेरच्या अंगाला काढली, काखेत जोडच ठेवला नाही. सात बंड्या शिवल्या. घामाने भिजली की काढायची, धुवायची, दुसरी घालायची. बंडी बदलताना ती रोज पाठीवर हात फिरवायची आणि रोज तिला वाटायचं की वाढलं.

एका दुपारी नळावरून बादली घेऊन आली तर कवच पाण्याच्या ड्रममागे पडलेलं. समृद्धी नुसत्या बंडीवर गार फरशीला पालथी चिकटून निजली होती.

“समू, ऊठ. घाल ते.”

“नहीं पहनना मेरे को.”

“बेटा, अशानं होईन कसं?”

“तूनेच तो छुपाया दो साल!” पोरगी उठून बसली, डोळे लाल. “आता मले कावून सांगते?”

रमाच्या हातातली बादली तशीच राहिली. तेवढ्यात दारात कवडू आला. त्याला महिनाभर उन्हाळी गस्त होती. भर दुपारी, पटरी तापून फाकते का ते बघत चालायचं, लाल झेंडी तयार ठेवून. पाण्याची बाटली संपली म्हणून तो अर्ध्या वाटेतून घरी वळला होता. तोंडावर मीठ वाळलं होतं. त्याने ड्रममागचं कवच पाहिलं, उचललं, आणि पोरीपुढे उकिडवा बसला.

“लय गरम होते?”

“एक दिन पहन के देखो आप.”

“मले नाई होत ते. बरगडीतच अटकंन.” तो हसला नाही. “पन आईक. बारा ते तीन मी लाइनीवर असतो. सावलीले बसलो तं कोनाले समजत नाई. पन तेवढ्यात पटरी फाकली तं गाडी रुळावरून खाली जाते. म्हून मी बसत नाई. तू बारा ते तीन हे काढू नको, मी बारा ते तीन बसत नाई. दोघांनं बी.”

समृद्धी नाक ओढत राहिली. मग हात वर केले. कवडूच्या रापलेल्या बोटांना त्या पट्ट्या ओढायची सवय नव्हती, त्याने एक चुकीची ओवली. रमा पुढे झाली.

“थांब,” तो म्हणाला. झोळीतून डोरी काढली, एक टोक पोरीच्या मानेशी रमाच्या हातात दिलं, दुसरं कंबरेशी स्वतः धरलं आणि मोजपट्टीने मधली फट मोजली. “रमे, वही आन.”

सव्वीस दिवसांनी त्याने तिला हाक मारली होती. तिने वही आणली.

“लिही. तारीख टाक. जे आहे तेच लिही.”

तिने लिहिलं. कवडू बाटली भरून पुन्हा उन्हात गेला.

जूनमध्ये शाळा उघडायची वेळ आली. कवचावर जुना कुर्ता चढेना. रमाने नवा बेतला, छातीत रुंद, पाठीला सैल. शाळेच्या आदल्या दिवशी समृद्धी पुन्हा त्याच स्टुलावर उभी राहिली. रमा मागे सरली. कवचामुळे अंग बरंच सरळ दिसत होतं, तरी किनार डावीकडे उतरलीच होती, इंचभर असेल. हात सवयीने कात्रीकडे गेला.

“मम्मी, मत काट,” समृद्धी म्हणाली.

“वाकडं दिसते, बेटा. शाळेत पोट्ट्या हासतीन.”

“हसने दे. तू काटेगी तो मेरे को कैसे पता चलेगा? जब अपने आप सीधा लटकेगा, तब समझ में आएगा ना.” मग ती म्हणाली, “अन् नाई लटकलं तं ते बी समजंन.”

रमाने तिच्याकडे पाहिलं. मग कात्री मशीनच्या खणात टाकली आणि दोन्ही अंगांना सारखाच, एकेक इंचाचा दुमड घालून किनार शिवून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून वाकडा उतरलेला कपडा घराबाहेर जाणार होता.

सकाळी समृद्धी दप्तर घेऊन निघाली. क्वार्टरांच्या साऱ्या रांगेतून तिला चालत जायचं होतं आणि नळावर बायांची गर्दी होती. सिंधुताईने हंडा बाजूला केला, पोरगी पुढे गेली तशी मान वळवून पाहिलं आणि हाक मारली, “रमाबाई, काय वो, तुमच्या हातचा कपडा अन् किनार उतरली डावीकडे?”

नळावरच्या सगळ्या बाया बघायला लागल्या. रमा दारात उभी होती.

“हो,” ती म्हणाली. “पाहून राहिली मी.”